रक्त खरं, निकाल ठरलेला: चाहत्यांची टीका पुरावा म्हणून कशी वाचायची?

दोन तारखा आधी लिहून घ्या. १६ मे २००४ आणि २७ जून २००४.

पहिल्या तारखेला लॉस एंजेलिसमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा विजेता एडी गरेरो आणि आव्हान देणारा जेबीएल यांची लढत झाली. जेबीएलने डोक्यात लोखंडी खुर्ची घातली आणि एडीच्या कपाळातून जी धार लागली, ती शेवटपर्यंत थांबली नाही. चेहरा, छाती, खालचं कापड, सगळं लाल. शेवटी एडीने विजेतेपदाचा पट्टाच जेबीएलला हाणला आणि पंचाने एडीला बाद केलं. लढत गेली, पट्टा मात्र राहिला, कारण बाद झाल्यामुळे पट्टा दुसऱ्याकडे जात नाही असा तिथला नियम. म्हणजे रीमॅच आलीच.

ती दुसऱ्या तारखेला, नॉरफोकला. दोघांच्या मनगटांना एकच दोर बांधलेला. रिंगणाच्या चारही कोपऱ्यांना ओळीने जो हात लावेल तो जिंकला. एडीने चौथा कोपरा गाठला, विजय जाहीरही झाला. मग कथेतला जनरल मॅनेजर कर्ट अँगल याने चित्रफीत पुन्हा दाखवून निकाल फिरवला. का, तर एडीच्या आधी जेबीएलचं अंग त्या कोपऱ्याला लागलं होतं. पट्टा जेबीएलकडे गेला आणि एप्रिल २००५ मध्ये जॉन सीनाने हरवेपर्यंत त्याच्याकडेच राहिला.

आमच्या मालवणच्या बाजूला हे सगळं केबलवर टेन स्पोर्ट्सवरून पोचत होतं. शाळेच्या दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूईचे पत्ते असायचे त्या पिढीतला मी. चाहत्यांनी, इथल्या काय आणि तिथल्या काय, पहिली लढत डोक्यावर घेतली आणि रीमॅचला धारेवर धरलं. तक्रारी साधारण अशा: एवढं रक्त सांडल्यावर निकाल चित्रफितीवर कसला लावता? कालपरवापर्यंत जोडीच्या लढती खेळून पडद्यामागे बिअर पीत पत्ते कुटणारा हा गडी एकदम विजेता कसा? आणि पहिल्या लढतीचा हिशेब चुकता झालाच कुठे?

आता इथे थांबा. या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, हे २००४ साली गुपित नव्हतं. १९८९ मध्येच या कंपनीने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे सांगून टाकलं होतं की आमचा हा खेळ नाही, मनोरंजन आहे. क्रीडा खात्याचे नियम आणि कर टाळायचे होते, म्हणून. मग ज्या लढतीचा निकाल कुणीतरी खोलीत बसून लिहिलाय, त्याच्याबद्दल 'निकाल अन्यायाचा झाला' असं म्हणण्याला अर्थ काय? संशोधनाची तयारी करणारी मुलं इथे हमखास म्हणतात की चाहत्यांना कळत नाही, भाबडे आहेत, ही मतं पुरावा म्हणून कुचकामी. मला हे अजिबात पटत नाही, आणि न पटण्याचं कारण सिंधुदुर्गातच आहे.

दशावतार पाहिलाय ना? कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, रात्रभर नाटक चालतं. आधी संकासुर येतो, मग मुख्य आख्यान. संवाद लिहिलेले नसतात, कथानक तेवढं आधी ठरतं, बाकी सगळं रंगमंचावर उभं राहून. लढाई पायपेटीच्या आणि मृदंगाच्या ठेक्यावर, झांजेच्या तालावर. राक्षस मरणार हे समोर घोंगडी पांघरून बसलेल्या आजीला ठाऊक, मांडीवर पेंगणाऱ्या नातवालाही ठाऊक. तरी पहाटे घरी जाताना चर्चा काय असते? 'राक्षसान लवकर मार खाल्ल्यान, मजा नाय इली.' कुणी असं म्हणत नाही की राक्षस खरा मेला नाही. तक्रार असते ती पडण्याची, म्हणजे त्या पडण्याची किंमत आधी नीट उभी केली नाही याची. शेवट ठाऊक असलेल्या प्रेक्षकाची टीका जास्त बारीक असते, कारण तिला 'पुढे काय' याची काळजीच उरत नाही.

म्हणून चाहत्याचं प्रत्येक वाक्य हातात आलं की पहिलं हे विचारायचं: हा 'खरं होतं का' विचारतोय, की 'जमलं का' विचारतोय? दोन्ही वाक्यं वरून सारखीच दिसतात. 'पंचाने चुकीचं केलं' हे वाक्य दोन्हीकडे येतं.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण महाराष्ट्रातलंच घ्या. १४ जानेवारी २०२३, पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी. माती विभागात सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. महेंद्रने बाहेरची टांग लावली, पंचांनी ४ गुण दिले, सिकंदर हरला आणि पुढचे कितीतरी दिवस राज्यभर वाद. त्या वादात लोक काय दाखवत होते? थांबवलेली चित्रं. सिकंदरची पाठ मातीकडे किती कलली? कारण फेकलेला मल्ल थेट धोक्याच्या स्थितीत गेला, म्हणजे पाठ आणि गादी यांच्यातला कोन ९० अंशांच्या आत आला, तरच ४ गुण, नाहीतर २. ही टीका मोजमापाची आहे. तिचं उत्तर तत्त्वतः चित्रफितीत सापडू शकतं. (त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदर महाराष्ट्र केसरी झाला, पण त्याने जानेवारीचा कोन काही बदलत नाही.)

नॉरफोकच्या रीमॅचमध्येही चित्रफीतच दाखवली होती, गंमत बघा. पण तिथे चित्रफीत कथेचा भाग होती. जेबीएलचं अंग कोपऱ्याला लागलं होतं की नव्हतं, यावर चाहते वाद घालत नव्हतेच. ते लागलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की रक्ताने सुरू झालेली गोष्ट तांत्रिक मुद्द्यावर संपवू नये. ही नाट्यसमीक्षा आहे. तिला महाराष्ट्र केसरीच्या पेटीत टाकलंत तर लोक मूर्ख दिसतील, आणि तो दोष तुमच्या वर्गीकरणाचा असेल.

आपल्याकडे या दोन प्रश्नांची सरमिसळ जुनी आहे. आखाड्याच्या भाषेत संगनमताने खेळलेल्या कुस्तीला 'नुरा' म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखा वापरला जातो. मुंबईत वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल लढती गाजत होत्या तेव्हा आखाड्यातली नजर घेऊन आलेल्या माणसाने त्यांना नुरा म्हणावं हे साहजिकच. पण गर्दी होत होती. किंगकाँग म्हणजे हंगेरियन वंशाचा एमिल झाया, अवाढव्य देहाचा. दारासिंगने त्याला उचलून फिरवला की स्टेडियम उसळायचं. ती गर्दी फसलेली होती असं गृहीत धरू नका. 'कुस्तीचं जग' या आपल्या निबंधात फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ याने १९५० च्या दशकातच लिहून ठेवलंय की ही कुस्ती खेळ नसून देखावा आहे, आणि लढत ठरवलेली आहे की नाही याची प्रेक्षकाला फिकीर नसते. मला बार्थचं हे अर्धंच पटतं. पॅरिसच्या प्रेक्षकाला फिकीर नसेल. ज्याच्या गावात हलगीवर निकाली कुस्ती होते त्याला असते. तो दोन्ही कसोट्या खिशात घेऊन येतो.

याच काळातलं एक उदाहरण सरावासाठी. २९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंगने लू थेझला हरवून विश्वविजेतेपद मिळवलं, असं तुम्हाला ठिकठिकाणी वाचायला मिळेल. आता अमेरिकेतल्या नॅशनल रेसलिंग अलायन्सची विजेत्यांची यादी काढा. थेझने ते विजेतेपद जानेवारी १९६६ मध्येच जीन किनिस्कीकडे गमावलं होतं आणि किनिस्की फेब्रुवारी १९६९ पर्यंत विजेता होता. मग मुंबईचं विश्वविजेतेपद खोटं? घाई नको. विजेतेपद ही इथे मैदानावर मांडलेली गोष्ट असते. ती कोणी मांडली आणि कोणी मानली, एवढंच इतिहासाला विचारता येतं. प्रबंधात 'विश्वविजेता झाला' असं न लिहिता 'विश्वविजेतेपदाची म्हणून मांडलेली लढत जिंकली' असं लिहिलं की दोन्ही साधनं शाबूत राहतात.

आता रक्त. सगळी गोची इथेच आहे, कारण ठरवलेल्या गोष्टीत ही एकच वस्तू ठरवलेली असूनही खरी असते. कुस्तीगीर मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा तुकडा लपवतो आणि संधी मिळताच कपाळावर चीर देतो. कपाळ का, याचं उत्तर शरीररचनेत आहे. डोक्याच्या कातडीखालच्या रक्तवाहिन्या घट्ट तंतुमय ऊतीत अडकलेल्या असतात. कापल्या की त्या आक्रसून मागे सरकत नाहीत, तोंडं उघडीच राहतात. वर घाम मिसळतो आणि थोडं रक्तही पसरून भरपूर दिसतं. १६ मे २००४ ला एडीची चीर जरुरीपेक्षा खोल गेली होती.

चाहत्यांनी तर रक्त मोजायला एककच काढलं. १४ डिसेंबर १९९२ रोजी जपानमध्ये हिरोशी हासेविरुद्ध द ग्रेट मुटा जितका रक्तबंबाळ झाला, तितकं रक्त म्हणजे १ मुटा. बाकी लढती त्या प्रमाणात ०.३, ०.६ वगैरे. विज्ञानवाल्यांना हसू येईल, मलाही येतं, पण नीट पाहा: संदर्भमूल्य आहे, शून्य आहे, तुलनेची पद्धत आहे. 'यावेळी रक्त कमी पडलं' ही तक्रार या मापावर उभी असते. म्हणजे इथे चाहता 'जमलं का' विचारत असतो आणि उत्तर खऱ्या शरीरातून मागत असतो.

त्या मागणीचं बिल कुणाच्या नावावर फाटतं, हेही साधनांत सापडतं, फक्त ती साधनं वेगळ्या कपाटात असतात. कॅनडाचा कुस्तीगीर डेव्हन निकल्सन याने दावा केला की २००७ च्या लढतीत अब्दुल्ला द बुचरने एकच ब्लेड दोघांवर वापरलं आणि त्यातून त्याला हिपॅटायटिस सी झाला. ओंटारिओच्या न्यायालयाने २०१४ मध्ये त्याच्या बाजूने निकाल देऊन सुमारे २३ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. डब्ल्यूडब्ल्यूईने त्याआधीच, २००८ मध्ये कार्यक्रम मुलांसाठी सौम्य करताना ब्लेड जवळजवळ बंद केलं होतं, आणि तेव्हापासून 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' हा सूर चाहत्यांत कायम आहे. तो सूर आणि न्यायालयाचा कागद एकाच टेबलावर ठेवून वाचा. एका कागदात रक्ताची किंमत नाट्याच्या मापाने लावलेली आहे, दुसऱ्यात यकृताच्या.

पुढच्या वेळेपर्यंत एक काम करून बघा. २४ फेब्रुवारी २०१६ ला हल्द्वानीत परदेशी कुस्तीगिरांनी द ग्रेट खलीचं डोकं फोडलं, त्याला रुग्णालयात नेलं; २८ फेब्रुवारीला देहरादूनमध्ये परतफेडीची लढत, आणि खली जिंकला. २५ आणि २९ तारखेचे तुमच्या जिल्ह्यात येणारे मराठी पेपर जवळच्या ग्रंथालयात काढा. बातमी कुठल्या पानावर आहे बघा, क्रीडा की मनोरंजन. 'हल्ला' म्हटलंय की 'लढत'. आणि २५ तारखेला जखमेचे टाके छापणाऱ्या पेपराने २९ तारखेला त्या टाक्यांचं काय केलं, तेही टिपून ठेवा.