उंदरांचे ऋण

घाटकोपरच्या आमच्या चाळीत पावसाळा लागला की उंदरांचा सुळसुळाट होई. रात्री महापालिकेची माणसं काठी आणि बॅटरी घेऊन गल्लीबोळांतून फिरत. १८९६च्या प्लेगपासून मुंबईचं आणि उंदरांचं हे वैर आहे. पण मंडळी, याच मुंबईत, परळला, उंदीर पाळून त्यांच्याकडून शिकणारी माणसंही आहेत. १९७० साली तिथं प्रजनन संशोधन संस्था उभी राहिली. मी शास्त्रज्ञ नव्हे. कविता लिहिणारा बी. ए. झालेला माणूस. तरीही ही गोष्ट मला घरातली वाटते.

माझ्या अम्मीची सात बाळंतपणं झाली. आम्ही पाच जगलो. शेजारच्या काकूंची कथाही तीच. ‘वरच्याची मर्जी’ म्हणत दोघी नळावर धुणं धूत राहिल्या.

त्यांच्याही आधी, याच शहरात, र. धों. कर्वे संततिनियमनाचा प्रचार करत होते. १९२१मध्ये त्यांनी केंद्र काढलं, १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली, खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी निकाल विरुद्धच गेला. कर्व्यांपाशी होती ती बाहेरून वापरायची साधनं. शरीराच्या आतली किल्ली तेव्हा कुणाच्याच हाती नव्हती.

तिचा माग लागला तो त्याच सुमारास, शिकागोत. कार्ल मूर आणि त्यांची तरुण सहकारी डोरोथी प्राइस यांना एक कोडं पडलं होतं. धडधाकट नर उंदराला पुरुष-संप्रेरक टोचलं, तर त्याचे वृषण वाढण्याऐवजी खुरटत. असं का? १९३२ साली त्यांनी उत्तर मांडलं. वृषणांना हुकूम सोडते ती मेंदूच्या तळाशी असलेली इवलीशी पीयूषिका ग्रंथी. रक्तातलं संप्रेरक वाढलं की ती आपला हुकूम आवरता घेते.

आपल्या सोसायटीच्या टाकीसारखंच हे. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पंप बंद पडतो. टँकर आणून बाहेरूनच टाकी भरली, तर पंप सुरूच होणार नाही. उंदराला दिलेलं इंजेक्शन म्हणजे तो टँकर.

मादीची गत आणखी अजब. तिचं चक्र चार-पाच दिवसांचं. एरवी स्त्री-संप्रेरक पीयूषिकेला आवरून धरतं. पण ते वाढून काही काळ चढंच राहिलं, की तेच तिला सैल सोडतं. मग हुकमाचा लोंढा येतो आणि बीज सुटतं. १९५०च्या सुमारास एव्हरेट आणि सॉयर यांना दिसलं, की या लोंढ्याची वेळही ठरलेली असते. त्या दुपारी दोन ते चारच्या दरम्यान मादीला गुंगीत ठेवलं, तर बीज सुटणं एक दिवस लांबतं. म्हणजे वरून मेंदूचाही हात असतोच.

१९६०मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली गर्भनिरोधक गोळी याच ज्ञानाच्या वाटेवरची. ती फ्लोट वरच धरून ठेवते, लोंढा येऊ देत नाही.

परळच्या संस्थेत अनिल शेठ आणि सहकारी पीयूषिकेचा एक हुकूम रोखणाऱ्या ‘इनहिबिन’चा शोध घेत होते. १९८४मध्ये त्यांनी पुरुषाच्या वीर्यातलं ९४ अमिनो आम्लांचं एक प्रथिन मांडलं. पुढच्याच वर्षी इतरत्र सापडलेलं दोन साखळ्यांचं प्रथिन खरं इनहिबिन ठरलं. पण मेहनत वाया गेली नाही. परळच्या त्या प्रथिनाचा अभ्यास पुढे प्रोस्टेटच्या कर्करोगासंदर्भात होत राहिला.

कर्वे १९५३ साली गेले. गोळी त्यानंतर सात वर्षांनी आली. अम्मीपर्यंत ती पोचलीच नाही; तिला कुणी सांगितलंच नाही. माझ्या बहिणींनी डॉक्टरांना विचारून घेतली आणि दोन मुलांवर थांबल्या. शोध लागणं एक आणि तो नळावरच्या बाईपर्यंत पोचणं दुसरं. पहिलं काम उंदरांनी आणि शास्त्रज्ञांनी केलं. दुसरं आपलं आहे.