पडद्यावरचे सोने सोन्यासारखे का दिसते?

१/१०
संगणकाने घडवलेल्या दृश्यातील सोने आज खरे वाटते. त्यामागे चित्रकाराची नजर आहेच. पण तिच्या पाठीशी मोजमापांची अडीचशे वर्षांहून जुनी परंपरा उभी आहे. ते आकडे कोणी मोजले आणि सर्वांसाठी खुले कसे झाले, त्याचा हा धागा.

२/१०
१७६० साली योहान हाइनरिश लाम्बर्ट यांचा 'फोटोमेट्रिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निस्तेज पृष्ठभाग प्रकाश कसा विखुरतो, याचा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आजच्या रेंडरिंगमध्येही वापरला जातो.

३/१०
१८२०च्या दशकात ऑगस्तँ फ्रेनेल यांनी कोणत्या कोनातून किती प्रकाश परावर्तित होतो, याचे गणित मांडले. त्यासाठी पदार्थाचा अपवर्तनांक ठाऊक असावा लागतो : पाणी १.३३, काच सुमारे १.५, हिरा २.४२.

४/१०
१९७३. युटा विद्यापीठातील बुई तुओंग फाँग यांनी आपल्या प्रबंधात संगणकीय चित्रांना चकाकी देणारे सूत्र मांडले. १९७५ मध्ये ते शोधनिबंधरूपाने प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी, अवघ्या ३२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सूत्र सोपे होते, त्या काळच्या संगणकांना झेपणारे होते. मात्र त्यातील आकडे मोजलेले नसत. डोळ्यांना पटेपर्यंत जुळवलेले असत.

५/१०
परिणामी बहुतेक वस्तू प्लास्टिकच्या भासत. प्लास्टिकचा रंग आतील रंगद्रव्यातून येतो; वरची चकाकी पांढऱ्या दिव्याखाली पांढरीच राहते. धातूचे तसे नाही. आत शिरलेला प्रकाश तो शोषून घेतो, म्हणून सोन्याची आणि तांब्याची चकाकीच रंगीत असते.

६/१०
हा भेद कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांनी १९८२च्या शोधनिबंधात ठळक केला. त्यांनी पदार्थांच्या परावर्तनाची मोजलेली आकडेवारी वापरली. एक फुलदाणी तांब्याच्या रंगाच्या प्लास्टिकची, दुसरी तांब्याची : फरक पाहताक्षणी कळतो.

७/१०
अशी मोजमापे मुळात चित्रांसाठी झालेलीच नव्हती. १९७२ मध्ये जॉन्सन आणि ख्रिस्ती या भौतिकशास्त्रज्ञांनी तांबे, चांदी आणि सोने यांचे प्रकाशीय स्थिरांक मोजले, ते धातूंतील इलेक्ट्रॉनांचे वर्तन समजून घेण्यासाठी. पडद्यावरच्या सोन्याचा रंग ठरवताना आजही त्यांच्या कोष्टकांचा आधार घेतला जातो.

८/१०
पण ही कोष्टके शोधपत्रिकांत आणि जाडजूड संदर्भग्रंथांत विखुरलेली होती. शिवाय ती तरंगलांबीनुसार मांडलेली. चित्रकाराला हवे असत लाल, हिरवा व निळा हे तीनच आकडे. हे रूपांतर न जमणाऱ्यासाठी अंदाज हाच मार्ग उरे.

९/१०
२००३ मध्ये वोयचेख मातुसिक आणि सहकाऱ्यांनी १०० पदार्थांच्या परावर्तनाची मोजमापे मांडली. डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी त्यांचा अभ्यास करून घडवलेली पद्धत 'रेक-इट राल्फ'मध्ये वापरली गेली आणि २०१२ मध्ये ती जाहीरही करण्यात आली. भौतिक नियमांवर आधारलेले रेंडरिंग त्यानंतर चित्रपट आणि खेळांच्या क्षेत्रात झपाट्याने रुजले.

१०/१०
आज खुल्या संदर्भसंचांत पदार्थाचे नाव, रंग, अपवर्तनांक आणि मूल्याचा स्रोत एकत्र मिळतो. घरी बसून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मोठ्या स्टुडिओइतकेच अचूक सोने घडवता येते. मात्र तो आकडा शुद्ध, घासूनपुसून लख्ख केलेल्या धातूचा. वापराने काळवंडलेल्या तांब्याचा नव्हे. म्हणूनच येथेही साधनचिकित्सा अटळ ठरते : कोणी मोजले, कशावर मोजले, कशासाठी मोजले? स्रोत नसलेला आकडा कितीही दशांश स्थळांपर्यंत लिहिला, तरी तो अंदाजच राहतो.