वंशावळ संगणकावर : घराण्याच्या नोंदी जुळवण्याची आणि जपण्याची पद्धत

प्रतिनिधी, मुंबई

पणजोबांचे नाव बहुतेकांना सांगता येते. त्यांच्या वडिलांचे नाव विचारले की घरातील ज्येष्ठांकडे पाहावे लागते आणि पणजीच्या माहेरच्या आडनावापाशी ज्येष्ठही अडखळतात. वास्तविक ही माहिती टिपून ठेवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. कोकणस्थ घराण्यांचे छापील कुलवृत्तांत, नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या, दक्षिण महाराष्ट्र व सीमाभागात घरोघरी जाऊन वंश वाचून दाखवणारे हेळवी ही त्याची काही उदाहरणे. मात्र कुटुंबे शहरांत आली, पुढे परदेशांत गेली आणि या परंपरांशी असलेला संबंध सैल झाला.

अलीकडे हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही. जात पडताळणीसाठी शपथपत्रासह वंशावळ द्यावी लागते आणि वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील व्यक्तींचे जुने पुरावे जोडावे लागतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या दिनांकांपूर्वीच्या पुराव्यांना महत्त्व असते. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली २०२३ मध्ये नेमलेल्या समितीच्या कामामुळे गावोगावच्या जुन्या दफ्तरांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि अनेक कुटुंबांनी खापरपणजोबांच्या नावाचा कागद प्रथमच शोधला. वडिलोपार्जित जमिनीच्या वारस नोंदीतही हाच प्रश्न येतो. कागद सापडतो, पण त्यातील व्यक्ती आपलीच, हे दाखवणारी मधली कडी सापडत नाही. ही कडी जपण्याचे काम संगणक कसे करू शकतो, याचा हा आढावा.

आरंभ घरातूनच

कोणतीही आज्ञावली उतरवून घेण्यापूर्वी घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीशी बोलावे. कागद दहा वर्षांनीही मिळू शकतो. आठवण मिळेलच असे नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना प्रारंभी बोलणाऱ्याचे नाव, दिनांक व ठिकाण उच्चारावे. ‘आपले पूर्वज कोण?’ असा मोघम प्रश्न विचारण्याऐवजी लग्न कोणत्या गावी झाले, घरी किती भावंडे होती, लहानपणी कोण वारले, कुलदैवत कोठले, गाव कोणत्या वर्षी व कशासाठी सोडले, असे नेमके प्रश्न विचारावेत. जुनी छायाचित्रे समोर ठेवली तर विसरलेली नावेही आठवतात. त्यानंतर लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, खरेदीखते, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे यांची प्रतिमा घ्यावी. मागील बाजूस मजकूर असल्यास तिचीही प्रतिमा घ्यावी.

सरकारी दफ्तरात काय मिळते?

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे बोलीभाषेत ‘कोतवाल बुकात’ असत. जन्म व मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा आहे. त्याआधीच्या पिढ्यांसाठी ही पुस्तके मोलाची ठरतात. जमिनीच्या बाबतीत सातबाऱ्यावर आजचा धारक दिसतो, पण इतिहास फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये सापडतो. एखादा खातेदार मृत झाल्यावर त्याचे वारस कोण लागले, याची नोंद तेथे असते. एकाच फेरफारात काही वेळा तीन पिढ्यांची नावे मिळतात. महसूल विभागाच्या संकेतस्थळांवर सातबारा पाहता येतो आणि अनेक जिल्ह्यांतील जुने अभिलेख प्रतिमांच्या स्वरूपात शुल्क भरून मिळतात. शाळेचे जनरल रजिस्टर हा आणखी एक आधार.

त्याहून मागे जायचे तर राज्याच्या पुराभिलेख विभागाचे दरवाजे ठोठवावे लागतात. पुण्यातील पेशवे दफ्तर आणि मुंबई, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील दफ्तरे यांतील पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. त्यामुळे मोडी वाचता येणारी एक तरी व्यक्ती कुटुंबात तयार होणे फायद्याचे. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांना चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या पोर्तुगीज नोंदवह्या उपयोगी पडतात. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांचा माग मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जतन केलेल्या स्थलांतर दफ्तरांतून लागतो. १८३४ पासून तेथे गेलेल्या करारबद्ध मजुरांचे क्रमांक, जहाज, गाव, वडिलांचे नाव असा तपशील त्यांत आढळतो.

आज्ञावली नेमके काय करते?

कागदावरील वंशवृक्ष आणि वंशावळीची आज्ञावली यांत मूलभूत फरक आहे. कागदावर चित्र असते. आज्ञावलीत नोंदी असतात. प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र नोंद, प्रत्येक कुटुंबाची नोंद, जन्म-विवाह-स्थलांतर-मृत्यू अशा घटनांच्या नोंदी, ठिकाणांच्या नोंदी आणि या सर्वांना जोडलेले आधार अशी तिची रचना असते. चित्र हवे तेव्हा या नोंदींतून तयार होते. एक भाऊ नव्याने सापडला तर संपूर्ण तक्ता पुन्हा काढावा लागत नाही.

‘ग्रॅम्प्स’ ही २००१ पासून उपलब्ध असलेली मुक्तस्रोत आज्ञावली विनामूल्य असून विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते. ‘रूट्समॅजिक’, ‘लेगसी फॅमिली ट्री’ व ‘फॅमिली ट्री मेकर’ ही अन्य प्रचलित नावे. निवड करताना एकच कसोटी लावावी : माहिती ‘जेडकॉम’ स्वरूपात बाहेर काढता येते का? जेडकॉम हा वंशावळीची माहिती एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचा साचा असून तो १९८४ मध्ये प्रथम आला. २०२१ मध्ये आलेल्या त्याच्या ७.० आवृत्तीत युनिकोडवर आधारित यूटीएफ-८ पद्धत अनिवार्य आहे. देवनागरी नावांच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय.

ही कसोटी का महत्त्वाची, हे अनुभवाने दिसून आले आहे. एकेकाळी जगभर वापरली जाणारी ‘पर्सनल अ‍ॅन्सेस्ट्रल फाइल’ ही आज्ञावली २०१३ मध्ये बंद करण्यात आली. ‘फॅमिली ट्री मेकर’ची विक्री थांबवण्याची घोषणा तिच्या तत्कालीन मालक कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये केली होती, पुढे २०१६ मध्ये ती दुसऱ्या कंपनीकडे गेली. आपल्याकडे वेगळ्या प्रकारचा फटका बसतो. युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या वंशावळी छापील प्रतीत सुबक दिसतात, पण त्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांचा खिचडा होतो. अशी फाइल घरात असल्यास ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हे पहिले काम समजावे.

महाजालावरील संकेतस्थळे

‘फॅमिलीसर्च’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. अमेरिकेतील मॉर्मन पंथीयांच्या चर्चमार्फत ते चालवले जाते. त्यांच्या संस्थेने १९३८ पासून जगभरातील नोंदवह्यांचे सूक्ष्मचित्रण केले. हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांच्या प्रतिमाही तेथील संग्रहात आहेत. या संकेतस्थळावर सर्वांचा मिळून एकच जागतिक वृक्ष असतो. म्हणजे आपण लिहिलेली पणजोबांची नोंद अन्य कोणीही बदलू शकतो. ‘जेनी’ची कल्पनाही अशीच असून २०१२ मध्ये ते ‘मायहेरिटेज’ने विकत घेतले. ‘मायहेरिटेज’ व ‘अ‍ॅन्सेस्ट्री’ येथे मात्र प्रत्येक सदस्याचा वृक्ष वेगळा राहतो. पूर्ण सुविधांसाठी वर्गणी भरावी लागते.

या दोन्हींचा मेळ घालणे श्रेयस्कर. मूळ वंशावळ आपल्या संगणकावर ठेवावी आणि दूरच्या नातलगांचा शोध घेण्यासाठी दिवंगत पूर्वजांपुरती माहिती संकेतस्थळावर द्यावी. ही संकेतस्थळे ‘तुमच्या वृक्षाशी जुळणारी नोंद सापडली’ असे संदेश पाठवतात. तो पुरावा नव्हे, केवळ शोधाची दिशा. एकाच आडनावाचे, एकाच नावाचे आणि वडिलांचेही नाव तेच असलेले दोन पुरुष एका तालुक्यात असणे आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे तर एकाच घराण्यात हा घोटाळा होतो.

मराठी नावांचा प्रश्न

परदेशी आज्ञावलीत ‘नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोनच मुख्य रकाने असतात. वडिलांचे नाव मधल्या नावाच्या जागी घालण्याचा मोह टाळावा; वडील ही स्वतंत्र व्यक्ती म्हणून जोडलेलेच असतात. आवश्यक वाटल्यास पूर्ण नाव ‘पर्यायी नाव’ म्हणून द्यावे. आडनावे बदललेली असतात. मूळ आडनाव मागे पडून कुलकर्णी, देशपांडे, पाटील असे वतनावरून किंवा गावाला ‘कर’ जोडून नवे आडनाव रूढ झाल्याची उदाहरणे घरोघरी आहेत. अशा वेळी दोन्ही आडनावे कालावधीसह नोंदवावीत. देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांतील रूपे दिल्यास परदेशातील नातलगांनाही शोध घेता येतो.

सर्वांत मोठी हानी स्त्रियांच्या नोंदींची झाली आहे. लग्नात नाव व आडनाव दोन्ही बदलत असल्याने आणि जुन्या वंशावळी पुरुषांच्याच असल्याने निम्मे घराणे कागदावरून नाहीसे झालेले दिसते. आज्ञावलीत स्त्रीची मुख्य नोंद जन्मनावाने करण्याचा संकेत आहे. सासरचे नाव पर्यायी नाव म्हणून लिहावे. माहेरचे आडनाव व गाव माहीत असेल तर आणखी एका घराण्याचा मार्ग खुला होतो. आज हयात असलेल्या आजींना हा प्रश्न विचारणे म्हणूनच तातडीचे आहे. दत्तक गेलेल्या मुलाच्या बाबतीत जन्मदाते व दत्तक घेणारे अशी दोन्ही कुटुंबे नात्याच्या प्रकारासह दाखवावीत. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव यांसाठी स्वतंत्र रकाने तयार करता येतात.

शके, फसली आणि १ जून

जुन्या कागदांवरील कालगणना हा चुकांचा मोठा उगम आहे. शालिवाहन शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ व जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवले की इसवी सन येतो. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषात झाली. त्यात ७९ मिळवूनच १७६१ हे वर्ष मिळते. महसुली कागदांतील दख्खनी फसली सनात ५९० किंवा ५९१, तर मोडी कागदांतील सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवतात. ही दोन्ही वर्षे मृग नक्षत्रापासून सुरू होतात. मूळ तिथी कागदावर आहे तशी टिपणीत लिहावी आणि इसवी सनाचा दिनांक त्याशेजारी द्यावा. रूपांतर चुकले तर मूळ नोंदीवरून दुरुस्ती करता येते.

शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख १ जून असल्यास सावध व्हावे. खरी तारीख ठाऊक नसताना गुरुजींनी लिहिलेली ही तारीख हजारो दाखल्यांवर आढळते. कोतवाल बुकात वेगळी तारीख मिळाली तर एक पुसून दुसरी लिहू नये. दोन्ही नोंदी आपापल्या आधारासह ठेवाव्यात आणि कोणती अधिक विश्वसनीय वाटते व का, ते लिहावे. घटनेच्या जवळच्या काळात, ती माहीत असणाऱ्याने केलेली नोंद साधारणतः वरचढ मानली जाते. ‘आत्याने सांगितले’ हाही आधारच आहे. फक्त आत्याचे नाव व दिनांक लिहिलेला असावा.

जतन आणि गोपनीयता

प्रतिमांना ‘वर्ष, व्यक्ती, कागदाचा प्रकार, गाव’ अशा एकाच क्रमाने नावे द्यावीत. ‘१९३७, फेरफार’ असे नाव दहा वर्षांनंतरही कळते. कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक कळत नाही. संपूर्ण संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकावर, दुसरी बाह्य हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या शहरातील नातलगाकडे किंवा महाजालावरील साठवणीत. वर्षातून एकदा जेडकॉम प्रत काढावी आणि मुख्य तक्ता छापून ठेवावा. पासवर्ड ठाऊक असलेली एकच व्यक्ती असेल, तर तिच्यामागे सारे काम कुलूपबंद होते.

हयात व्यक्तींची जन्मतारीख, पत्ता व आईचे माहेरचे आडनाव सार्वजनिक वृक्षात कधीही देऊ नये. बँका ओळख पटवण्यासाठी याच गोष्टी विचारतात. जनुकीय चाचण्यांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीकडील सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये उघड झाली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. एका व्यक्तीने नमुना दिला तरी त्यात भावंडांचीही माहिती जाते. दत्तकविधान, पुनर्विवाह यांसारख्या बाबी नोंदवाव्यात, परंतु सर्वांना दाखवण्यापूर्वी संबंधितांची संमती घ्यावी.

संगणकावर तयार केलेली वंशावळ स्वतः पुरावा ठरत नाही, हे शेवटी लक्षात ठेवावे. तहसील कार्यालयात किंवा पडताळणी समितीसमोर अधिकृत सही-शिक्क्याची नक्कलच लागते. पण कोणत्या गावातील कोणत्या वर्षाचे कोणते पुस्तक मागायचे, हे ज्याच्या नोंदींत लिहिलेले असते, त्याचे हेलपाटे निश्चितच वाचतात. येत्या सुटीत गावी जाणाऱ्यांनी एक वही, मोबाइल आणि वर दिलेली प्रश्नांची यादी सोबत न्यावी. आज्ञावलीची निवड परतल्यावरही करता येईल.