खरवडण्याचा इतिहास

सर्फबोर्डला चीर पडली की दुरुस्तीच्या आधी एक कंटाळवाणं काम करावं लागतं: त्यावरचं जुनं मेण काढणं. उभं राहताना पाय सटकू नये म्हणून सर्फर मंडळी बोर्डवर मेण घासतात. महिनोनमहिने थरावर थर चढतो, त्यात वाळू आणि मळ अडकतो. मग बोर्ड थोडा वेळ उन्हात ठेवायचा, मेण मऊ झालं की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, उरलेला तेलकटपणा पुसून काढायचा आणि पॉलिश पेपर मारायचा. हे टाळलं तर नवीन रेझिन चिकटतं ते मेणाला. चार लाटांत ठिगळ सुटून हातात येतं.

आता नेरूळमध्ये बसून सर्फिंगच्या गप्पा कशाला, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पाम बीच रोडच्या पलीकडे आपल्याला मिळालीय ती खाडी. तिथे लाटा कमी आणि चिखल जास्त. पण गरम करा, मऊ झालं की खरवडा, पुसा आणि मग दुरुस्त करा, हे काम आपल्या किनाऱ्यावर लाकडी जहाजांच्या बाबतीत शेकडो वर्षं चाललं. एवढंच नाही, तर मुंबई नावाच्या बंदराला महत्त्व आलं त्यात या खरवडण्याचा मोठा हात आहे. शाळेच्या इतिहासात हा भाग कुणी शिकवत नाही. म्हणून हा लेख.

लाकडी जहाज समुद्रात सोडलं की त्याच्या पाण्याखालच्या भागावर दोन संकटं येतात. पहिलं म्हणजे शेवाळ, शिंपले आणि बार्नकल. यांचा थर जमला की जहाजाचा वेग मार खातो. दुसरं संकट आतलं. टेरेडो नावाचा एक प्राणी लाकूड पोखरत जातो. दिसायला अळी, पण कुळाने शिंपल्यांचा भाऊबंद. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं, आत फळीची चाळण झालेली असते. आपल्यासारख्या उबदार पाण्यात दोन्ही संकटं जोरात.

त्यावर उपाय म्हणजे लेप. अरबी समुद्रातल्या जहाजांना पाण्याच्या वरच्या भागाला माशाचं तेल चोपडत आणि खालच्या भागाला चुना आणि चरबी कालवून थापत. युरोपात डांबर, राळ, गंधक, चरबी अशी मिश्रणं होती. पण कुठलाच लेप कायमचा नव्हता. काही महिन्यांत तो कुजायचा, झडायचा, त्यावरच शिंपले बसायचे. नवा लेप द्यायचा तर जुना काढायलाच हवा. नाहीतर वरचा थर खालच्या सडक्या थरासकट गळून पडणार. शिवाय जुन्या लेपाखाली कुठली फळी पोखरली गेलीय हे तो खरवडल्याशिवाय दिसतच नाही! दुरुस्तीची यादीच मुळी खरवडल्यावर तयार होते. (मेंटेनन्स प्रोजेक्टवर काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

मग जहाज किनाऱ्यावर घ्यायचं, तोफा आणि सामान उतरवायचं, दोरांनी ओढून एका कुशीवर कलंडवायचं. खाली गवत-काटक्या पेटवून आच द्यायची. लेप मऊ झाला की खरवडायचा. मग दुसरी कूस. म्हणजे सर्फबोर्डला ऊन दाखवतात तोच प्रकार, फक्त इथे लाकडी जहाजाच्या पोटाखाली जाळ! जरा चूक झाली तर जहाजच जायचं. आणि हे चालू असताना शत्रू आला तर तोफा वाळूत आणि जहाज आडवं.

कोकणात या कामासाठी निसर्गानेच सुट्टी दिली होती. पावसाळ्यात जहाजं ओढून घ्यायची आणि डागडुजी करायची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पावसाळ्यात आरमाराची छावणी कुठे आणि कशी करावी याचाही विचार त्यात केलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा ग्रंथ. म्हणजे लढाईइतकाच देखभालीचाही विचार राज्यकर्ते करत होते. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत, गिर्ये गावापाशी, मराठा आरमाराची खडकात कोरलेली गोदी आजही आहे. तत्त्व सोपं: भरतीला जहाज आत घ्या, ओहोटीला पाणी उतरलं की तळ उघडा.

मुंबईत इंग्रजांनी हेच तत्त्व दारं लावून वापरलं. 1736 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी कारागिराला मुंबईला आणलं. 1750 च्या दशकात पहिली सुकी गोदी तयार झाली आणि 1765 पर्यंत एकापुढे एक अशा तीन गोद्या झाल्या. दार उघडायचं, भरतीबरोबर जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी जाऊ द्यायचं, दार लावायचं. आता जहाज कलंडवायला नको, घाई नको. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणून हे जमलं. मद्रासला तो फरक जेमतेम एक मीटर. तिकडे सगळा पैसा ओतला असता तरी असली गोदी भरतीच्या जोरावर चालली नसती.

याचा परिणाम काय झाला ते बघा. फेब्रुवारी 1756 मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनचा ताफा मुंबईहून निघाला आणि त्याने विजयदुर्गावर हल्ला केला. तुळाजी आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना बांधून उभी होती. एकाला आग लागली आणि बघता बघता सगळं आरमार जळालं. ज्या तेल-राळेने लाकूड वाचवायचं, तीच आगीला खाद्य. कोकण किनाऱ्यावरचं एक मोठं आरमार एका दिवसात संपलं. इंग्रजांना पेशव्यांचीच साथ होती, हे सांगायला आजही जड जातं.

पुढे 1782-83 मध्ये फ्रेंच दर्यासारंग सुफ्रां आणि इंग्रज अ‍ॅडमिरल ह्यूज यांच्यात पूर्व किनाऱ्यावर आणि श्रीलंकेजवळ पाच लढाया झाल्या. लढवय्या म्हणून सुफ्रां सरस, असं बरेच इतिहासकार मानतात. पण 1782 च्या शेवटी वादळी ऋतू आला तेव्हा ह्यूज मुंबईला गेला. तिथे गोदी होती, सागवान होतं, सुतार होते. सुफ्रां सुमात्राच्या टोकाला अचे इथे गेला. तिथे आसरा होता, पण गोदी नव्हती. सुफ्रांच्या काही जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा होता, काहींच्या नव्हता. त्यामुळे सगळा ताफा एका वेगाने चालायचा नाही.

तांब्याचा पत्रा हा त्या काळचा चमत्कार. त्यावर शिंपले बसत नाहीत, टेरेडो घुसत नाही. ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘अलार्म’ नावाच्या जहाजावर तो पहिल्यांदा लावून पाहिला. दोन वर्षांनी तपासलं तर तळ स्वच्छ, पण लोखंडी खिळे गंजून विरघळलेले! खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकत्र आले की बॅटरी तयार होते आणि लोखंड झिजतं. जिथे पत्र्याखाली गुंडाळणीचा कागद चुकून राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत. एका दुखण्यावरचं औषध दुसरं दुखणं घेऊन आलं.

विसाव्या शतकातही तेच झालं. ट्रायब्युटिलटिन असलेला रंग लावला की जहाजाला काही चिकटत नसे. पण तो पाण्यात उतरला आणि गोगलगायींच्या माद्यांना नरांचे अवयव फुटू लागले, फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची कवचं वेडीवाकडी झाली. 2001 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हे रंग बंद करायचं ठरलं आणि 2008 पासून तो करार लागू झाला. म्हणजे खरवडलेला जुना थर कुठे जातो, हाही प्रश्न आहेच.

आता परत आपल्या खाडीकडे. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. हा दुरुस्तीचा हंगाम. हल्ली बऱ्याच लाकडी होड्यांवर फायबरचं कवच चढवतात. म्हणजे काचेचं कापड आणि रेझिन, अगदी सर्फबोर्डसारखंच. आणि अडचणही तीच: वर्षानुवर्षं तेल प्यालेल्या लाकडाला रेझिन धरत नाही. कोरं लाकूड लागेपर्यंत घासा, वाळवा, मगच पुढचं.

वाडियांनी बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ (1817) आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय, बांधणाऱ्यांचं नाव पुस्तकांत आहे. गोदीत उतरून दर वेळी तळ खरवडणाऱ्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पण त्यांच्या हातांशिवाय यातलं एकही जहाज दुसऱ्यांदा समुद्रात गेलं नसतं.

असो. मुंबईच्या जुन्या गोद्या नौदलाच्या हद्दीत आहेत, तिथे सहज जाता येत नाही. गिर्येला मात्र एखाद्या लाँग वीकएंडला नक्की जाऊन या. फक्त निघण्याआधी ओहोटीची वेळ बघा.