विजयदुर्गचे बंदर आणि बालवाचनातील समुद्र

बालपणी वाचलेल्या पुस्तकांची आठवण निघाली म्हणजे माणसे गोष्टी सांगू लागतात. त्या गोष्टी कोणत्या मराठीत वाचल्या, हे सहसा कोणी सांगत नाही. विजयदुर्गसारख्या बंदरी गावाच्या बाबतीत तोच प्रश्न अधिक उद्‌बोधक आहे.

सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘बालमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके 1828 साली निघाली. ‘बालमित्र’ तर बर्क्याँ या फ्रेंच लेखकाच्या कृतीवरून इंग्रजीच्या वाटेने मराठीत आलेला. छत्र्यांच्या हाताखाली तयार झालेले बाळशास्त्री जांभेकर हे विजयदुर्गच्याच टापूतील, हल्लीच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचे. त्यांनीही मुलांकरिता ‘नीतिकथा’ व ‘बालव्याकरण’ लिहिले. परंतु लेखक या मुलखातला असला, तरी त्याच्या पुस्तकाची भाषा या मुलखाची नव्हती. घरी ‘माका’, ‘तुका’ म्हणणाऱ्या मुलास पुस्तकात ‘मला’, ‘तुला’ भेटे. आपण बोलतो ते अशुद्ध, हा ग्रह अशा वाचनातूनही रुजला असावा. तरीही इसापाचा कोल्हा मुलांना परका वाटला नाही. गोष्टीची ओढ व्याकरणाहून बलवत्तर असते.

अरबी गोष्टींचे प्रकरण निराळे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1861 मध्ये त्यांचे भाषांतर हाती घेतले आणि पुढे कित्येक पिढ्यांनी ते अधाशीपणाने वाचले. बसऱ्याहून गलबत हाकणारा सिंदबाद वाघोटण खाडीच्या मुखावरील मुलाला शेजारचा वाटावा, यात नवल नाही. कारण त्याच्या बंदरावरचा ‘नाखवा’ मुळात फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नौकेचा धनी होय. आंग्र्यांची ‘गुराब’ ही तर अरबीतला कावळा. 1756 च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार याच बंदरात जळाले. शब्द मात्र तगले. जो समुद्र नीतिकथांत फारसा नव्हता, तो परदेशी अद्‌भुतकथेतून घरी परतला, असे म्हणावयास हरकत नाही.

नाथमाधवांनी पुढची मजल मारली. 1905 साली सिंहगडावरील अपघाताने पंगू झालेल्या या लेखकाने वाचनात मन रमविले, मग लेखणी धरली आणि एका कादंबरीस ‘सावळ्या तांडेल’ हे नाव दिले. तांडेल म्हणजे गलबतावरील खलाशांचा म्होरक्या. धक्क्यावर ज्या शब्दाने हाक मारीत, तोच शब्द आता मुखपृष्ठावर छापलेला होता.