मॉडेल टीची लाकडी पेटी: वायरिंग डायग्राममध्ये न दिसणारी गोष्ट

जुन्या गाडीचा वायरिंग डायग्राम हाती लागला की वाटतं, झालं काम! कुठली तार कुठून निघाली, कुठे गेली, सगळं समोर. पण ते भाग कशावर बसवले होते, हे डायग्राम बहुधा सांगत नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासावर संशोधन करायचं मनात असेल, तर फोर्डची मॉडेल टी एकदा नीट बघा.

१९०८ ते १९२७ या काळात अशा सुमारे दीड कोटी गाड्या बनल्या. फ्लायव्हीलवरच्या मॅग्नेटोतून कमी दाबाची वीज चार कॉइलना मिळायची, दर सिलिंडरला एक कॉइल. कॉइल ती हजारो व्होल्टपर्यंत चढवायची आणि प्लगमध्ये ठिणगी पडायची. चारही कॉइल एका पेटीत, आणि पेटी इंजिन व प्रवाशांमधल्या उभ्या फळीवर. बरीच वर्षं ही फळी लाकडाचीच होती.

लाकूड निवडलं यात वेडेपणा नव्हता. ते स्वस्त, स्क्रू घट्ट धरणारं, आणि कोरडं असेपर्यंत चांगला इन्सुलेटर. गोची पेटीच्या आत होती. पेटी बाहेरून पत्र्याची झाली तरी आतलं अस्तर लाकडाचंच राहिलं. लाकूड ओलावा ओढतं. मग उच्च दाबाची वीज त्यातून झिरपते, वाटेतलं लाकूड करपून कोळशाची रेघ उमटते, आणि कोळसा तर वीज वाहून नेतो. म्हणजे गळती आपला रस्ता आपणच पक्का करते! इंजिन अडखळतं, आपण तारा तपासत बसतो, आणि तारा ठणठणीत असतात.

फळी पत्र्याची झाल्यावर प्रश्न उलटला. वीज परत नेणारा मार्ग म्हणजे गाडीचा सांगाडाच. त्यामुळे छिद्राच्या धारेवर तार घासली की थेट शॉर्ट. पुढच्या मॉडेल एला तर कारखान्यातून फ्यूजही नव्हता. छिद्रातलं रबरी कडं किती मोलाचं, ते इथे कळतं.

आज हौशी मालक लाकडी अस्तर काढून प्लास्टिकचं बसवतात. गाडी चालवायची तर ते योग्यच आहे, पण आपला पुरावा मात्र कचऱ्यात जातो. म्हणून न उघडलेली पेटी सापडली तर आधी फोटो घ्या. कुठला बोल्ट कशात शिरलाय, अर्थिंगसाठी रंग खरवडलाय का, करपल्याची रेघ कुठून कुठे जाते, हे वहीत उतरवा. आणि जुनं अस्तर फेकलं नसेल तर मालकाकडून सरळ मागून घ्या.