बीजांतील स्नेह, पानांतील इशारा

एरंडी फोडून तिचा पांढरा मगज चिमटींत दाबला, तर बोटांस तेल लागतें. तिच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचाच असतो. हें तेल मनुष्याच्या दिव्यासाठीं किंवा औषधासाठीं सांठविलेलें नसतें. जमिनीखालीं अंधारांत जन्मणाऱ्या अंकुराची ती शिदोरी होय. परंतु अंकुराला ती जशीच्या तशी खातां येत नाहीं. पाण्यांत न मिसळणारें तेल मगजांतून वाढत्या कोंबापर्यंत पोहोंचणार कसें? पहिलें हिरवें पान उजेडांत येण्यापूर्वीं ही शिदोरी उघडली नाहीं, तर भरल्या कोठाराशेजारीं अंकुराचा उपासानें अंत व्हावयाचा. या कोठाराची किल्ली कोणती, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राला जवळजवळ दीड शतक पुरला.

तेलबिया रुजूं लागल्या म्हणजे त्यांत पिष्टद्रव्य, म्हणजे साखरेचीच एक सांठवण, दिसूं लागतें, असें जर्मन शास्त्रज्ञ युलियस झाक्स यांनीं १८५९ सालीं दाखविलें. हा पालट कोण घडवितें, तें मात्र आणखी तीस वर्षें गूढच राहिलें. १८९० सालीं इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ रेनॉल्ड्स ग्रीन यांना रुजत्या एरंडींत एक एन्झाइम, म्हणजे स्वतः खर्ची न पडतां रासायनिक क्रियेला वेग देणारें द्रव्य, आढळलें. तेलांतील मेदाम्लें आणि ग्लिसरीन यांची गांठ तें सोडवीत असे. अशा एन्झाइमांना लायपेज म्हणतात. निजलेल्या बियांत तें निष्क्रिय असतें आणि रुजण्याच्या वेळीं जागें होतें, असा ग्रीन यांचा निष्कर्ष होता. उद्योगधंद्यांचेंही तिकडे लक्ष गेलें. १९०२ सालीं जर्मनींत कॉन्स्टाइन, होयर आणि वार्टेनबर्ग यांनीं एरंडीच्या साहाय्यानें तेलें व चरबी फोडण्याची रीत प्रसिद्ध केली.

तेल फुटलें, तरी त्याची साखर होते कशी, हें कोडें शिल्लक राहिलें. मेदाम्लांपासून साखर बनविण्याची कला मनुष्याच्या शरीराला अवगत नाहीं. १९५७ सालीं हान्स कॉर्नबर्ग आणि हॅरी बीव्हर्स यांनीं पुन्हां एरंडीचाच आश्रय घेऊन ‘ग्लायऑक्झिलेट चक्र’ नांवाचा तो मार्ग उजेडांत आणला. पुढें २००६ सालीं पीटर ईस्टमंड यांनीं ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळांतील चिमुकल्या वनस्पतीचीं एकच लायपेज बिघडलेलीं रोपें अभ्यासिलीं. बियांत तेल असूनही बाहेरून साखर मिळाल्यावांचून तीं कोंबाच्या अवस्थेंतच थांबत. भरल्या कोठाराशेजारचा उपास असा प्रत्यक्ष दिसून आला.

पोषणाची ही कथा चालू असतांनाच जखमेची दुसरी कथा सुरू झाली होती. १९७२ सालीं अमेरिकेंत क्लॅरेन्स रायन यांच्या प्रयोगशाळेनें असें दाखविलें कीं, भुंगेऱ्यांनीं बटाट्याचें किंवा टोमॅटोचें पान कुरतडलें म्हणजे त्या पानांतच नव्हे, तर न दुखावलेल्या दूरच्या पानांतही किड्यांचें पचन बिघडविणारीं प्रथिनें सांठूं लागतात. वनस्पतीला ना मज्जातंतु, ना रक्त. मग ही वार्ता पोहोंचते कशी?

उत्तराचा धागा अत्तराच्या दुनियेंत होता. मेथिल जस्मोनेट हें सुवासिक द्रव्य १९६२ सालीं चमेलीच्या तेलांतून वेगळें करण्यांत आलें होतें. त्याची वाफ मिळाली, तर टोमॅटोचीं धडधाकट पानेंही बचावाचीं प्रथिनें बनवूं लागतात, हें एडवर्ड फार्मर आणि रायन यांनीं १९९० सालीं सिद्ध केलें. दोनच वर्षांनीं त्यांनीं मूळ कारणाची मांडणी केली: जखम होतांच पेशीच्या पातळ पटलांतील स्नेहद्रव्यांतून लायपेज लिनोलेनिक अम्ल मोकळें करतें आणि त्यापासून जस्मोनिक अम्ल तयार होतें. १९९७ सालीं त्यास भक्कम पुरावा मिळाला. लिनोलेनिक अम्ल नसलेलीं ॲराबिडॉप्सिसचीं रोपें एका लहान माशीच्या अळ्यांना मोठ्या प्रमाणांत बळी पडलीं; मेथिल जस्मोनेट दिलेलीं तशींच रोपें बहुतांशीं तगलीं.

हाच इशारा फुलालाही लागतो. २००१ सालीं जपानी संशोधकांना असें एक लायपेज सांपडलें कीं, तें बिघडल्यास परागकोश वेळेवर उघडत नाहींत. परंतु पानाच्या जखमेच्या वेळीं मात्र हें काम कोणा एका लायपेजावर सोंपविलेलें नसतें, अनेक त्यांत वांटेकरी असतात, असें २०१० सालच्या संशोधनानें दाखविलें. पहारा एकाच पहारेकऱ्यावर न ठेवण्याचा हा शहाणपणा होय.

तथापि पहाऱ्याला किंमत पडते. पानें वारंवार दुखावलीं, तर जस्मोनेटामुळें पेशींचें विभाजन मंदावून रोप खुजें राहतें, हें २००८ सालीं सिद्ध झालें. शेतकऱ्याला कीड न लागणारें पीक हवें असतें आणि भरलेलें कणीसही. वनस्पतीला मात्र या दोहोंची सांगड प्रत्येक क्षणीं घालावी लागते. बीजांत स्नेह फुटला तर अंकुर वाढतो, जखमी पानांत फुटला तर वाढ आंवरून बचाव उभा राहतो. क्रिया एकाच जातीची. ती कोठें आणि केव्हां घडते, यावर फळ ठरतें. म्हणूनच पिकाला सदैव सावध ठेवण्याचा सोपा मार्ग खरा सोपा नाहीं: ज्या शेतांत अखंड इशारा चालू राहील, तेथें किडीबरोबर कणसालाही उपास घडावयाचा.